पोच नसलेल्यांची यादी

फॅक्स मशीन बंद करायला किती वेळ लागतो, या प्रश्नाचं उत्तर आमच्या छोट्या मॅडमनी एका वाक्यात देऊन टाकलं होतं. "काका, भिंतीतली पिन काढायची, झालं!" त्या म्हणजे मालकांची मुलगी. कंपनीतल्या सगळ्या पिना कुठे आहेत हे त्यांना ठाऊक असतं. पण या पिनेला कोण कोण लोंबकळतंय याची त्यांना कल्पना नव्हती. वायरीच्या एका टोकाला मी होतो आणि दुसऱ्या टोकाला आमची बासष्ट गिऱ्हाइकं होती.

आमची कंपनी चाकं बनवते. मोटारीची नव्हेत, खाटेची, खुर्चीची, ट्रॉलीची. रुग्णालयात खाट ढकलताना जी चाकं कुईकुई करतात ती आमची नसतात, आमची मुकाट चालतात, हे मी कुणाचीही नवी ओळख झाली की लगेच सांगून टाकतो. या चाकांच्या ऑर्डरी गेली चोवीस वर्षं फॅक्सवर येतात, त्यांचे होकारही फॅक्सवरच जातात, आणि फॅक्स माझ्या टेबलावर आहे. त्यामुळे चाकं कंपनी बनवत असली तरी ती फिरतात ती माझ्यामुळे, असं माझं नम्र मत आहे. कंपनीने या मताला अजून दुजोरा दिलेला नाही.

फॅक्स म्हणजे कागद सरकवायचा आणि बटण दाबायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आयुष्यात कधी फॅक्स पाठवलेला नाही. आधी फोन करावा लागतो. पलीकडून कुणी उचलला की म्हणायचं, "टोन द्या." मग पलीकडचा माणूस बटण दाबतो, आपल्या कानात एक कर्कश शिट्टी वाजते, आणि मग आपण आपलं बटण दाबायचं. शिट्टी कधी लगेच येते, कधी येतच नाही. तेवढ्या वेळात "काय, बरं आहे ना?" होतं. कागद गेला की पुन्हा फोन. "आला का? सगळा आला? शेवटची ओळ वाचून दाखवा बघू." ओळ नीट वाचली गेली की आमच्या पोच-वहीत त्या नावापुढे 'पोच' असं लिहून तारीख टाकायची. चोवीस वर्षांत माझा एकही कागद हरवला नाही. दोन उलटे गेले, पण ते पलीकडच्यांना कोरे मिळाले, म्हणजे मिळाले तर खरेच.

मॅडमचा हुकूम साधा होता. एक पत्र लिहायचं: 'पुढील महिन्यापासून आमचा फॅक्स बंद होत आहे. ऑर्डरी खालील पत्त्यावर मेल कराव्यात. या पत्राची पोच द्यावी.' ते बासष्ट जणांना मेलने पाठवायचं. महिन्याचा शेवटचा दिवस शनिवारी येत होता. तोवर सगळ्यांची पोच आली, तर याच टेबलावर, याच खुर्चीत मी 'डिजिटल समन्वयक' होणार होतो. नाही आली, तर बाहेरून कुणीतरी शिकलेलं माणूस येणार आणि मी गोदामात चाकं मोजायला जाणार. गोदाम तसं वाईट नाही. तिथे खिडकी नाही, फोन नाही आणि बोलायला माणूस नाही, एवढंच.

घरी मी यातला फक्त पहिला अर्धा भाग सांगितला.

"डिजिटल? तुम्ही?" बायको म्हणाली. "काल फोनचा आवाज वाढवायला गेलात आणि माझ्या आत्याला व्हिडिओ कॉल लावलात. बनियनवर होतात."

"समन्वयकाने स्वतः बटणं दाबायची नसतात," मी म्हणालो. "त्याने समन्वय साधायचा असतो."

आमच्या डोक्यावर एक निवृत्त तारमास्तर राहतात. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. दुसरा अर्थही घेतला तरी चालेल. बातमी ऐकून ते खास जिना उतरून आले, खुर्चीत बसले आणि इतक्या समाधानाने हसले की मला चहा विचारणं भाग पडलं.

"तुमच्या फॅक्सने आमची तार खाल्ली, तेव्हा तुम्ही एका शब्दाने हळहळला नाहीत," ते म्हणाले. "आता मेल तुमच्या फॅक्सला खातोय. हे बघायला देवाने मला ठेवलं. साखर कमी घाला."

दुसऱ्या दिवशी मी आधी मशीनच्या निवृत्तीचे कागद करायला घेतले, कारण सोपं काम आधी करावं असा माझा शिरस्ता आहे. कंपनीत कोणतीही वस्तू काढायची तर ती निरुपयोगी असल्याचा दाखला लागतो. दाखला देतो मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक. हा मनुष्य चौदा वर्षं आमच्या मशीनवर पोटच्या पोरासारखी माया करत आलेला. त्याने मशीन उघडलं, पुसलं, कुठेतरी तेलाचा थेंब सोडला, आणि मी चहा सांगून परत येईपर्यंत दाखला लिहून, सही करून, शिक्का मारून ठेवला: 'यंत्र उत्तम स्थितीत असून आणखी दहा वर्षे सहज चालेल.'

"अहो, मला निरुपयोगी असल्याचा दाखला हवाय!"

"खोटं कसं लिहू?" तो दुखावून म्हणाला. "तुमच्याबद्दल कुणी असं लिहून मागितलं तर मी देईन का?"

 मला जरा बरंच वाटलं. दाखला मी फाइलला लावला आणि मेलकडे वळलो.

मेल मी पाच तारखेला बासष्ट जणांना पाठवला. मग रीतीप्रमाणे फोन करायला बसलो. "मेल आला का? सगळा आला? शेवटची ओळ वाचून दाखवा बघू." सतराव्या गिऱ्हाइकापर्यंत पोचलो तेव्हा मॅडम टेबलापाशी येऊन उभ्या होत्या.

"काका, मेल पाठवल्यावर फोन नाही करायचा."

"मग पोचला हे कळणार कसं?"

"पोचतोच."

हे 'पोचतोच' माझ्या काळजात रुतून बसलं. चोवीस वर्षं मी कुठल्याच कागदावर इतका विश्वास टाकला नव्हता. फोन बंद झाले आणि अपेक्षेप्रमाणे पोचही बंद झाली. वीस तारीख उजाडली तरी अकराच जणांची आली होती. बाकी एकावन्न जणांनी मेल वाचला असेल, हसले असतील, पुसून टाकला असेल, मला काही कळायला मार्ग नव्हता. मॅडम रोज विचारायच्या, "काका, किती?" मी म्हणायचो, "अकरा, पण बाकीचे वाटेत आहेत."

शेवटच्या आठवड्यात तारमास्तरांनीच तोडगा काढला. जित्याजागत्या शत्रूचा सल्ला घेऊ नये हे मला कळत होतं, पण नाकातोंडात पाणी गेलेला माणूस हात कुणाचा आहे हे बघत नाही.

"नावं जाहीर करा," ते म्हणाले. "आमच्या ऑफिसात ज्यांनी तार घेऊन सही दिली नाही त्यांची यादी दारावर लागायची. दुसऱ्या दिवशी सगळे हजर! माणूस पत्राला भीत नाही, यादीला भितो."

योगायोग असा की त्याच दिवशी मॅडमही म्हणाल्या, "काका, कुणाची पोच आली, कुणाची नाही, अशी एक यादी मला मेल करा. आणि सगळ्यांना कॉपीत ठेवा." सगळ्यांना म्हणजे हिशेब खातं, गोदाम आणि मालक, असं त्यांच्या मनात होतं. माझ्या मनात तारमास्तर होते. मी सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना ठेवलं.

यादी मात्र मी मन लावून केली. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात हुद्दा, तिसऱ्यात शेरा. सरसकट 'पोच नाही' लिहिणं मला कामचुकारपणाचं वाटलं, म्हणून प्रत्येकाची खरी परिस्थिती नोंदवली. एका दवाखान्याच्या व्यवस्थापकांपुढे लिहिलं, 'दोनदा सांगूनही पोच नाही.' खुर्च्यांचं दुकान असलेल्या दोन भावांपुढे लिहिलं, 'धाकटे: पोच आहे. थोरले: पोच नाही.' शाळेच्या मुख्याध्यापकांपुढे, 'शिपायाकडे चौकशी केली. त्याच्याही मते पोच नाही.' एका वखारवाल्यापुढे, 'स्वतः आहे म्हणतात. प्रत्यक्षात पोच नाही.' आणि मोठ्या रुग्णालयाच्या खरेदीवाल्या बाई, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, ज्यांच्याशी मी एकोणीस वर्षं जवळजवळ रोज बोलत आलो, त्यांच्यापुढे जरा जड हातानेच लिहिलं, 'पूर्वी फार चांगली होती. हल्ली पोच नाही.'

वर विषय दिला, 'पोच नसलेल्यांची यादी'. खाली एक ओळ जोडली, 'प्रयत्न चालू आहेत, तरी काहींच्या बाबतीत आशा कमी आहे.' बटण दाबलं आणि सुखाने डबा खाल्ला.

पहिला फोन खुर्चीवाल्या थोरल्यांचा आला.

"मला पोच नाही?"

"नाही ना, साहेब," मी नम्रपणे म्हणालो. "पाच तारखेपासून वाट बघतोय."

"पाच तारखेपासून?"

"धाकट्यांची पहिल्याच दिवशी आली. म्हटलं, तुमचीही मागोमाग येईल. पण नाहीच आली. शेवटी यादीत घालावं लागलं."

"आणि ही यादी पाठवलीत किती जणांना?"

"सगळ्यांना!" मी म्हणालो. माझ्या आवाजात थोडा अभिमान असावा.

"माझ्या बायकोने वाचली ती," ते खोल आवाजात म्हणाले. "पंचवीस वर्षं ती हेच म्हणतेय. आता तिच्याकडे लेखी पुरावा आहे."

"मग वहिनींनाच सांगा ना! त्यांनी दिली तरी आमचं भागेल."

फोन आदळला. इतका चांगला माणूस असा का वागला, याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की त्यांच्या अकलेबद्दल शिपायाशी माझं नेमकं काय बोलणं झालं. मग वखारवाल्यांचा आला. मग कुणाकुणाचा आला हे मी नोंदवलं नाही, कारण मॅडमनी मला आत बोलावलं होतं.

त्यांच्या हातात यादी होती. चेहरा मला वाचता येईना.

"काका, 'पोच नाही' म्हणजे काय?"

"म्हणजे पत्र मिळाल्याची पावती आली नाही."

"माझी आजी रोज म्हणायची, 'या कार्टीला मेली पोच नाही.' तिला माझ्याकडून पावती नको होती, काका."

 चोवीस वर्षं पोच-वहीत तोच शब्द लिहिता लिहिता त्याला घराघरात दुसराही एक अर्थ आहे हे मी साफ विसरून गेलो होतो. पोच नाही, म्हणजे समज नाही, कुठे कसं वागावं याची अक्कल नाही. आणि हे मी एकावन्न मानी माणसांबद्दल, हुद्द्यासकट, एकमेकांच्या माहितीसाठी लिहिलं होतं. आता त्या यादीवरून नजर फिरवताना एकेक शेरा मला चावायला लागला. काहींच्या बाबतीत आशा कमी आहे!

"एक जरी गिऱ्हाईक तुटलं तर मी काही करू शकणार नाही, काका," मॅडम म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "शनिवारपर्यंत निस्तरा."

मी लगेच माफीचं पत्र लिहायला बसलो. घाईत लिहिलेली माफी फार धोक्याची असते. मी लिहिलं, 'आपल्याला पोच नाही असे म्हणण्याचा आमचा हेतू नव्हता. आपल्याकडे पोच असेलच. ती असल्यास कृपया शनिवारपूर्वी दाखवावी.' हेही सगळ्यांना गेलं.

त्या दुपारी ऑफिसातल्या हिशेबनीस बाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या आणि मी गोदामात जाऊन हवा कशी आहे ते बघून आलो. कोंदट होती. परत आलो तर मेल येऊन पडायला लागले होते. 'मला पोच आहे. पत्र मिळाले.' 'आमच्या संपूर्ण संचालक मंडळाला पोच आहे. पुढील ऑर्डर सोबत जोडली आहे.' वखारवाल्यांनी तीनदा पाठवली, म्हणजे शंकेला जागा नको. मुख्याध्यापकांनी स्वतःची पोच देऊन खाली शिपायाचीही सही घेतली होती. थोरल्यांनी लिहिलं, 'मला धाकट्यापेक्षा जास्त पोच आहे, हे सर्वांना कळवावे.' ते मी कळवलं नाही. इतकी पोच आता मला आली होती. शुक्रवारी संध्याकाळी मोजलं तेव्हा एकसष्ट झाले होते.

राहिल्या होत्या फक्त खरेदीवाल्या बाई. मेल नाही, फोन नाही. मी फोन केला तर वाजत राहिला. पुन्हा केला, पुन्हा वाजत राहिला. 'पूर्वी फार चांगली होती. हल्ली पोच नाही.' एकोणीस वर्षं जिने एकदाही "थांबा, वेळ नाही" म्हटलं नाही त्या बाईबद्दल मी हे लिहिलं. खरं सांगतो, गोदामाचं मला काही वाटेनासं झालं. नुसती लाज वाटत होती.

घरी सगळं सांगून टाकलं. उरलेला अर्धा भागही सांगितला. बायको हसेल असं वाटलं होतं, पण तिने नुसतं कपाट उघडलं आणि बाहेर जायची साडी काढून ठेवली.

"उद्या जाऊन माफी मागा. मी येते बरोबर."

"तू कशाला?"

"एकोणीस वर्षं रोज ज्या बाईशी बोलताय, तिला मलाही बघायचंय."

शनिवारी आम्ही रुग्णालयाच्या मागच्या बाजूला, औषधांच्या खोक्यांमधून वाट काढत खरेदी विभागात पोचलो. आवाजावरून मी उंच, सडपातळ बाई कल्पिली होती. टेबलामागे एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची, जाड चष्म्याची बाई बसली होती. त्यांच्या टेबलावरची वायर मोकळी लोंबत होती, फोन जमिनीवर होता आणि रंगारी भिंत खरवडत होता.

"बाई, मी..." एवढंच म्हणालो, तर त्या उठून उभ्या राहिल्या.

"चाकवाले!" त्या म्हणाल्या. "आवाजावरून मला वाटलं होतं तुम्ही चांगले धिप्पाड असाल."

मी माफी मागायला सुरुवात केली. रात्रभर पाठ केलेली होती, पण दुसऱ्याच वाक्यात अडकलो. बाईंनी हाताने थांबवलं.

"अहो, यादी वाचून मी इतकी हसले की वॉर्डातली सिस्टर बघायला आली. राग कसला? तुमचं पहिलं पत्र मी त्याच दिवशी वाचलं होतं. मुद्दाम नाही दिली पोच."

"मुद्दाम?"

"दिली असती की संपलं. बटण दाबलं की ऑर्डर गेली. मग तुम्ही फोन कशाला कराल?" त्या चष्मा पुसायला लागल्या. "या खोलीत दिवसभर कोण येतं? हे नाही आलं, ते नाही मिळालं, असं ओरडणारी माणसं. बरी आहात का म्हणून विचारणारे तुम्ही एकटे. म्हटलं, महिनाभर तरी लांबवू."

मी पाठ केलेली माफी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.  तेवढ्यात त्या बायकोकडे वळल्या.

"आणि तुमची पाठ कशी आहे आता? उशी बदललीत का? आणि लेकीने ती नोकरी धरली की सोडली?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी रंगाऱ्याकडे बघितलं.

"ह्यांनी सांगितलं?"

"टोन यायला वेळ लागायचा ना," बाई म्हणाल्या. "तुमच्याबद्दलच बोलायचे. दुसरा विषयच नसायचा."

चोवीस वर्षांच्या नोकरीत आणि एकतीस वर्षांच्या संसारात मला इतकं उघडं कुणी पाडलं नव्हतं. पण बायकोच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फार दिवसांनी बघत होतो, म्हणून बाईंना अडवलं नाही. मग त्या दोघी बोलत बसल्या. मी मधूनमधून मान हलवली. निघताना मी खालमानेने गोदामाची गोष्ट सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि संगणकापुढे बसल्या.

सोमवारी मॅडमनी आत बोलावलं. समोर बाईंचा मेल उघडा होता. 'आपले पत्र पोचले. यापुढे ऑर्डरी मेलने पाठवू. परंतु त्या आपल्या चाकवाल्यांनीच बघाव्यात, आणि मिळाल्याचे फोनवर कळवावे. ते त्या खुर्चीवर नसतील तर तसे आधी सांगावे, म्हणजे चाके कुणाकडून घ्यायची याचा आम्ही पुन्हा विचार करू.'

मॅडमनी तो दोनदा वाचला. मग बाजूला ठेवलेला नव्या माणसाचा अर्ज त्यांनी खणात टाकला, खण बंद केला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"काका, या बाईंची आणि तुमची ओळख किती जुनी?"

"एकोणीस वर्षांची," मी म्हणालो. मग खोटं नको म्हणून दुरुस्ती केली. "म्हणजे फोनवर. समोरासमोर चाळीस मिनिटांची, आणि त्यातली तीस त्या माझ्या बायकोशी बोलत होत्या."